वासोट्याची दोन तासांची वाट

वासोट्याची चढण दोन तासांची. चालायची सवय असेल तर दीड तासात माणूस वर पोचतो, नसेल तर अडीच तास धरा. अलंग-मदन किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेली मंडळी वासोट्याला सहल म्हणतात, आणि पायांच्या हिशोबाने ते खरंच आहे. दोर लागत नाही, कातळावर चढावं लागत नाही, वाट चुकण्याची भीती फारशी नाही. शाळेतली मुलं जातात, साठी ओलांडलेले लोकही जातात.

मग या एवढ्याशा वाटेसाठी वनखात्याचा परवाना का लागतो? पावसाळ्यात ती बंद का ठेवतात? रात्री गडावर मुक्काम का चालत नाही? आणि मुख्य म्हणजे, सह्याद्रीतल्या एका डोंगरी किल्ल्यावर जायला आधी होडीत का बसावं लागतं? कारण ही वाट ज्या रानातून जाते ते रान साधं नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं ते रान आहे. या एका वाटेवर तुम्हाला जंगल भेटतं, इतिहास भेटतो, आणि डोळे उघडे ठेवले तर आणखीही एक गोष्ट भेटते. तिची पाटी कुठे लावलेली नाही.

आधी भूगोल समजून घेऊ. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर बामणोली. इथे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. हे पाणी कोयना धरणाचं, त्याला शिवसागर म्हणतात. बामणोलीत वनखात्याच्या कार्यालयात नावं नोंदवायची, शुल्क भरायचं आणि गावकऱ्यांच्या बोट क्लबातून होडी ठरवायची. होडी माणशी नसते, अख्खी ठरवावी लागते. म्हणून चौघे गेलात तर महाग पडते आणि दहा-बारा जण असलात तर स्वस्त. शुल्काचे आणि वेळेचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी केलेली बरी. वाट साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर उघडते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बंद होते. सकाळी लवकर निघायचं, कारण पाण्यावरच तास-दीड तास जातो आणि सूर्य कलायच्या आत होडीत परत बसायचं असतं.

होडी जिथे लागते त्या जागेचं नाव मेट इंदवली. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

इथे वनखात्याची चौकी आहे. पिशव्या तपासतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे, वेफर्सची पाकिटं मोजून लिहून घेतात आणि परतताना ती संख्या जुळवून बघतात. काही लोकांना हा अपमान वाटतो. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक गडाच्या पायथ्याशी ही वही हवी. राजगडावर, तोरण्यावर रविवारी संध्याकाळी काय पडलेलं असतं ते ज्यांनी पाहिलंय, ते या वहीवर रागावणार नाहीत.

चौकी सोडली की एक ओढा लागतो, जवळच मारुती आणि गणपती. तिथून रान सुरू होतं. सुरू होतं म्हणजे अक्षरशः दार उघडून आत गेल्यासारखं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि चार पावलांवर संध्याकाळची सावली. ही सावली कसली आहे ते जरा सांगतो.

सह्याद्रीच्या या धारेवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे, त्यात धारेवरचा भणाणता वारा. इतकं पाणी आणि इतकी तहान एकाच जागी सोसेल असंच झाड इथे टिकतं. म्हणून इथलं सदाहरित जंगल केरळातल्यासारखं उंचच उंच नाही. बुटकं, दाट आणि एकमेकांत गुंतलेलं आहे. पानं जाड, चामड्यासारखी, वर तुळतुळीत. वनस्पतीचे अभ्यासक या रानाला तीन झाडांच्या नावांनी ओळखतात : अंजनी, जांभूळ आणि पिसा. अंजनीला उन्हाळ्याच्या सुमारास जांभळट निळी फुलं येतात, तीही टोकाला नव्हे, जुन्या लाकडाला फांदीभर चिकटून. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणी शाई शिंपडली. झाडांखाली कारवी. ती सात वर्षांतून एकदा फुलते, आणि बी धरलं की मरून जाते.

पायाखाली बघा. पाचोळ्याचा जाड थर आहे, पाय किंचित दबतो. पावसाचं पाणी या थरात मुरतं आणि सावकाश ओढ्याला येतं. म्हणून पाऊस थांबून महिने उलटले तरी ओढे वाहत असतात. याच कारणासाठी वाट सोडून कडेकडेने चालू नये, वळणं टाळून मधूनच सरळ उतरू नये. शंभर माणसांच्या पायांनी पाचोळा उधळला की खालची माती उघडी पडते, आणि पुढच्या पावसात वाटेचा ओहोळ होतो. सह्याद्रीतल्या कितीतरी वाटा अशाच नाल्यासारख्या झाल्या आहेत.

जनावरं? आहेत. गवा, सांबर, भेकर, बिबट्या, अस्वल, कोळसून. शेकरू तर आपल्या राज्याचा प्राणी, झाडांच्या शेंड्यावरून लांब उड्या टाकत जाते. दिसतीलच असं मात्र नाही. चाळीस माणसांचा घोळका गाणी म्हणत निघाला असेल तर नक्कीच दिसणार नाहीत. पण खूर उमटलेले दिसतात, ओरबाडलेली साल दिसते, आणि सकाळी लवकर गेलात तर कस्तूर पक्ष्याची शीळ ऐकू येते. तिला शीळ म्हणायचं ते दुसरा शब्द नाही म्हणून. एखादा पोरगा बेफिकिरीने सूर लावत रस्त्याने चाललाय, असं वाटतं. गवा समोर आला तर थांबायचं, अंतर राखायचं, त्याला जाऊ द्यायचं. त्याच्या अंगाला शांतपणा शोभतो, पण फोटोसाठी जवळ जाऊन तो तपासू नये.

आणखी एक सूचना, जी गाईड देतात आणि लोक हसण्यावारी नेतात. सुगंधी तेल, सेंट, अत्तर लावून जाऊ नका. या कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात. उग्र वासाने आणि धुराने माश्या चवताळतात आणि मग पळायला जागा नसते. आमच्या घरात शुक्रवारी तरी अत्तराशिवाय माणूस बाहेर पडत नाही. पण सह्याद्रीत जाताना अत्तराची कुपी मी घरीच ठेवतो. पाऊस नुकताच संपलेला असेल तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड मात्र जवळ असू द्या.

चढ संपत येतो तशी एक फाटा फुटलेली वाट लागते. ती नागेश्वराच्या गुहेकडे जाते. तिथे महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याकडून लोक चढून येतात. आपण गडाची वाट धरायची. पायऱ्या लागतात, मोडके दरवाजे लागतात, आणि वर बिनछपराचा मारुती. पुढे महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा. गड समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. पूर्वेला शिवसागराचं पाणी हाताच्या बोटांसारखं डोंगरात शिरलेलं. पश्चिमेला जमीन एकदम संपते आणि कोकण सुरू होतं. दक्षिण अंगाला बाबुकडा, नालेच्या आकाराचा, आणि पलीकडे जुना वासोटा. कड्याला कठडा नाही. वाऱ्याच्या दिवशी पोटावर झोपून पाहावं, त्यात कमीपणा नाही.

या गडावर मोठ्या लढाया झाल्या नाहीत. गडाचं काम वेगळं होतं. तो कैदखाना होता. खाली जावळीचं निबिड खोरं, एका बाजूला कडे, माणसांची वस्ती दूर. पळून जाणार कुठे? पेशवाईच्या शेवटच्या काळात दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांच्या घरच्या माणसांना इथे ठेवलं होतं. हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथेच कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांचा मारा करून गड घेतला. त्याआधी ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने लढवला. तिच्या नावाची म्हण अजून साताऱ्याकडे म्हणतात. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं असं सांगतात. नावातला वाघ त्या काळी शोभेचा नव्हता.

आता मेट इंदवलीकडे येऊ.

मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी. गडाच्या भोवतालच्या मुलखाला घेरा म्हणत, आणि या घेऱ्यात मोक्याच्या जागी मेटं असत. तिथे मेटकरी राहत. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणं, वाटा राखणं, रान राखणं हे त्यांचं काम, आणि त्याबदल्यात त्यांना जमीन मिळे. रान राखणं हा शब्द मी उगाच घातलेला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी जतन करायची, तोडू द्यायची नाही, असा स्पष्ट हुकूम आहे. कारण झाडी हाच गडाचा पहिला तट. म्हणजे वासोट्याच्या पायथ्याचं हे रान शेकडो वर्षं माणसाचा हात न लागलेलं नव्हतं. माणसाच्या हातानेच ते राखलेलं होतं. मेट इंदवली हे गाव नावापासूनच राखणदारांचं.

या गावात आता कुणी राहत नाही.

ते कसं झालं? दोन टप्प्यांत झालं. पहिलं पाणी आलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडवलं गेलं. साठा आज साधारण १०५ टीएमसी आहे. हे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणाच्या बाजूला पोफळीकडे सोडतात आणि त्यावर वीज होते. महाराष्ट्रातल्या गिरण्या, कारखाने, माझ्या-तुमच्या घरातले दिवे या विजेवर वाढले. मी हे बोलतो आहे तो माइक आणि तुम्ही ऐकता तो रेडिओसुद्धा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाचा आणि भूकंपाचा संबंध काय यावर जगभर अभ्यास सुरू झाला. तो अजून सुरू आहे. पण भूकंपाच्या आधीच एक हादरा या खोऱ्याला बसला होता. शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली किंवा पाण्याच्या पलीकडे गेली. भातखाचरं बुडाली, कारण भातखाचरं नेहमी नदीकाठीच असतात. उरली ती वरची वरकस जमीन, नाचणी-वरीची. रस्ता बुडाला, बाजार तुटला. काही लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा लांबच्या जिल्ह्यांत जमिनी दिल्या. जावळीच्या पावसात वाढलेला माणूस सोलापूरच्या उन्हात नेऊन ठेवला. राज्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला १९७६ साली. कोयना त्याच्या आधीची. म्हणून आज तिसरी पिढी कागद घेऊन कचेऱ्यांत फिरते आहे आणि आंदोलनाला बसते आहे.

जे राहिले ते पाण्याच्या पलीकडच्या काठावर अडकल्यासारखे राहिले. घरटी एक माणूस मुंबईला. माथाडी म्हणून गोदीत, बाजारात पाठीवर ओझी वाहायला.

मग दुसरा टप्पा. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, दक्षिणेला चांदोली अभयारण्य. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, अकराशे चौरस किलोमीटरहून मोठा. २०१२ मध्ये कोयना, चांदोली, कास आणि राधानगरी यांची नावं पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. अभिमानाची गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण वाघाच्या गाभ्यात माणसाची वस्ती नको, म्हणून पाण्याने न बुडालेली गावंही एकेक करून उठली.

पाण्याने रस्ते तोडले, माणसं गेली, आणि त्यामुळे रान वाढलं. शेताच्या बांधावर करवंद आली, अंगणात कारवी आली, जोत्यावर उंबर उगवला. आपण होडीतून उतरतो आणि म्हणतो, वा, काय अस्पर्श निसर्ग आहे! अस्पर्श हा शब्द इथे मला अडखळवतो. रानात चालताना मध्येच एखादा जुना रायवळ आंबा दिसतो, फणस दिसतो. हे लावलेलं झाड आहे. कुणीतरी त्याला दोन उन्हाळे घागरीने पाणी घातलेलं आहे.

मी निसर्गाच्या विरोधात बोलतोय असा समज करून घेऊ नका. या रानाची गरज मला पटते. कृष्णेच्या खोऱ्याचं पाणी या पाचोळ्यात मुरतं, ते वर सांगितलंच. डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तेव्हा मला आनंद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली, तेव्हाही. वाघिणीच्या स्थलांतराची तयारी काय वर्णावी! पशुवैद्य, खास गाडी, गळ्यात रेडिओ कॉलर, नव्या रानाची सवय व्हावी म्हणून आधी कुंपणात ठेवणं, रोज तिच्यावर नजर. हे सगळं हवंच. फक्त इथल्या माणसांना हलवलं तेव्हा त्यांना नव्या मुलखाची सवय व्हावी म्हणून कुणी काय केलं, हा प्रश्न तिच्या बातमीखाली मला वाचायचा होता.

आणि आता तिसराच टप्पा दाराशी उभा आहे. सातारा, पाटण, जावळी या तालुक्यांतली गावं घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं गिरिस्थान वसवायचा आराखडा रस्ते विकास महामंडळाने पुढे आणला आहे. पहिल्या आराखड्यातच २३५ गावं होती. स्थानिकांना रोजगार मिळेल, पोरं मुंबईहून परततील, असं सांगतात. मिळावा. होडी चालवणाऱ्या, जेवण करून घालणाऱ्या बामणोलीच्या माणसांना तो आजच थोडाफार मिळतोही. पण पाण्यासाठी माणूस हलला, वाघासाठी माणूस हलला, आणि त्याच खोऱ्यात हॉटेलांना मात्र जागा सापडते, हे गणित गावकऱ्यांनाच काय, मलाही सुटत नाही.

मागच्या वेळी मी गेलो तेव्हा होडीवर साठीपुढचे एक गृहस्थ होते. मी त्यांना विचारलं, “मामा, तुमचं मूळ गाव कोणतं?” त्यांनी सुकाणू न सोडता हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. “ह्ये काय, तुमच्या होडीखाली.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “उन्हाळ्यात पाणी उतरलं की या, साहेब. बांध दिसत्यात. आमचा कोणता आन् भावकीचा कोणता, ते अजून सांगतो मी.” पाणी उतरलेल्या त्या जमिनीत काही लोक गाळपेर करतात, हेही त्यांनी सांगितलं. वर्षातले काही महिने त्यांचं शेत त्यांना परत मिळतं.

तेव्हा वासोट्याला जायचं असेल तर दोन काळ आहेत. रान पाहायचं तर नोव्हेंबर-डिसेंबर. ओढे भरलेले, हवा थंड, जळवा कमी झालेल्या. ऊन सोसत असेल तर एप्रिलच्या शेवटी जा. अंजनी सापडण्याचा संभव आहे, करवंदं पिकायला लागलेली असतात. पाणी प्यायला जास्त घ्या, माणशी तीन लिटर तरी, आणि डोक्याला टोपी. येताना होडीवाल्याला घाई करू नका. काठाकाठाने घ्यायला सांगा. त्या दिवसांत पाणी बरंच खाली गेलेलं असतं, लाल मातीचा पट्टा उघडा पडलेला असतो, आणि त्यावर एकाखाली एक अशा दगडांच्या रांगा दिसतात. ते बांध. विचारलंत तर कुणाचे, हेही कळेल.